आईंच्या खोलीचं बटण

लाँड्रीतल्या बायका तिला कडक म्हणायच्या. नाव इस्त्रीवरून पडलेलं, पण स्वभावालाही फिट्ट बसलेलं. शहरातली बारा हॉटेलं आणि दोन इस्पितळं यांच्या चादरी त्या लाँड्रीत यायच्या, आणि ती सतरा वर्षं रोलरवर उभी होती. रोलर म्हणजे आतून वाफेने तापलेला, दोन माणसं आडवी मावतील एवढा लांब लोखंडी दंडगोल. अलीकडच्या दोघींनी ओली चादर दोन टोकांना ताणून आत द्यायची, पलीकडच्या दोघींनी कोरडी होऊन आलेली चादर घडी घालायची. वाफ आत देणाऱ्यांच्या तोंडावर येते. पहिल्याच उन्हाळ्यात ती तिथे कोसळली होती. आधी घाम यायचा थांबला, मग कानात शिट्ट्या वाजायला लागल्या, आणि डोळे उघडले तेव्हा कुणीतरी तिच्या तळपायांवर ओलं फडकं ठेवत होतं. तेव्हापासून उकाड्याशी तिचं वैरच होतं. दुसऱ्या कुणाला उकडतंय म्हटलं की बाकीच्या हसून सोडून द्यायच्या. ती हातातलं काम टाकून त्या बाईचा चेहरा नीट बघायची.

घर तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत नवरा शिलाई मशीन दुरुस्त करत बसायचा. अबोल माणूस. दिवसभर तेलाची कुपी, बारीक पेचकस आणि तो. मागची खोली सासूबाईंची. त्यांना हृदयाचं दुखणं होतं, उकाडा सोसायचा नाही, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या एका खोलीत एसी बसवला होता. घरातली तेवढीच गार जागा.

त्या गार जागेत चार वर्षांपूर्वी पोरीने दोन चिंचिला आणून सोडल्या. पोरीची मैत्रीण वसतिगृह सोडून चालली होती आणि तिला त्या कुठेतरी द्यायच्या होत्या, म्हणून. सशापेक्षा लहान, खारीपेक्षा मोठ्या, कान उंदराचे, शेपूट झुपकेदार. अंगावर एवढी दाट लव की बोट घातलं तर कातडीला लागतच नाही.

"एकेका मुळातून पन्नास-साठ केस येतात, आई," पोरगी म्हणाली. "उंच, थंड, कोरड्या डोंगरातला प्राणी आहे हा. याला घाम येत नाही. कानांतून काय थोडी उष्णता बाहेर जाते तेवढीच. वीस-एकवीसवर छान राहतात. पंचविसाच्या वर गेलं की जिवावर बेततं."

"मग डोंगरातच ठेवायच्या होत्या. मला घुशी सांभाळायला वेळ नाही," ती म्हणाली.

वर्षभरात पोरीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तिथल्या भाड्याच्या घराचा मालक प्राणी चालणार नाहीत म्हणाला, आणि घुशी सांभाळणं हिच्याच गळ्यात पडलं. सासूबाईंना मात्र घबाड मिळाल्यासारखं झालं. काळसर होती तिला त्यांनी थोरली म्हणायला सुरुवात केली, फिकट राखाडी होती ती धाकटी. "मला सुना दोन," त्या भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या. "एक गावाला, एक लाँड्रीत. या दोघी तरी डोळ्यांसमोर असतात." चिंचिला पाण्याने अंघोळ करत नाहीत, राखेसारख्या बारीक मातीत लोळतात. पसरट भांड्यात ती माती ठेवली की दोघी अशा काही गरागरा लोळायच्या की सासूबाईंना हसता हसता ठसका लागायचा. "तू जन्मभर लोकांच्या चादरी धुतेस," त्या सुनेला म्हणायच्या, "आणि तुझ्या घरात या धुळीने अंघोळ करतात."

तीही हसायची. हळूहळू तिला सगळं जमत गेलं. स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेले ग्रॅनाइटचे दोन तुकडे ती फ्रीजमध्ये ठेवायची आणि सकाळी निघताना पिंजऱ्यात सरकवायची. थोरली लगेच येऊन त्यावर पोट टेकायची. उन्हाच्या बाजूचा पडदा दिवसभर ओढलेला. पिंजऱ्याला अडकवलेल्या थर्मामीटरवर चोविसाच्या आकड्याशी पोरीने लाल रंगाची रेघ मारली होती, आणि एसीच्या बटणाखाली कागद चिकटवला होता: हे बटण बंद करू नये. कुणीही.

सासूबाई हिवाळ्यात गेल्या. खोली तशीच राहिली. दोघी तशाच राहिल्या. कामावरून आली की ती हातपाय धुऊन आधी त्या खोलीत जायची आणि सासूबाईंच्या खाटेवर पाच मिनिटं बसायची. दिवसभरात तिच्या अंगाला गार वारा लागायचा तो तेवढाच.

उन्हाळा टोकाला पोहोचला असताना भाऊजी आले. भाऊजी म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता, आणि चांगलं इस्पितळ या शहरात. आठ-दहा दिवसांचा मुक्काम. भाऊजी शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी शिट्टी अजून गळ्यातच असावी असं वागणं. पहाटे उठून खिडक्या सताड उघडायच्या, छाती फुगवून श्वास घ्यायचे, दुसऱ्यांनाही घ्यायला लावायचे. सगळ्या रोगांचं मूळ बंद खोली, हे त्यांचं ठाम मत. एसी त्यांना सोसत नसे, सांधे धरतात म्हणून ते पुढच्या खोलीतच झोपायचे. धाकट्या भावाला ते पोरासारखं हाकायचे, आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस "हो दादा" म्हणत पेचकस खाली ठेवायचा.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या खोलीत डोकावून पाहिलं.

"हे काय, कोंडून घातलंय बिचाऱ्यांना? खिडकी बंद, पडदा बंद. तुरुंगात तरी हवा येते."

तिने समजावून सांगितलं. लव, घाम, कान, पंचवीस, सगळं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी तर त्यांना हाताला धरून बटणाशी नेलं आणि कागद वाचायला लावला. भाऊजी वर्गातल्या ढ मुलाचं उत्तर ऐकावं तसे हसले. "अगं, जनावर आहे ते. जनावराला निसर्गच शिकवतो. आपणच लाड करून नाजूक करून ठेवतो."

"भाऊजी, हात लावू नका, एवढंच सांगते."

"नाही लावत, बाई."

नवरा मशीनच्या चाकाला तेल घालत होता. त्याने सगळं ऐकलं.

ऑपरेशन झालं, डोळ्यावर काळा चष्मा आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी बुधवार होता. सकाळी साडेसहाला ती निघाली तेव्हा थर्मामीटर वीस दाखवत होतं, धाकटी वाळलेलं गवत चावत होती, थोरली दगडावर पसरली होती. बाहेर दुपारपर्यंत बेचाळीस होणार असं बातम्यांत सांगितलं होतं. लाँड्रीत गेले अकरा दिवस वाफ बाहेर ओढणारा एक्झॉस्टचा मोठा पंखा बंद पडलेला. तिथे किती असेल ते कुणी मोजतच नव्हतं.

साडेचारला ती जिना चढून आली. दार उघडंच होतं. भाऊजी खाटेवर पालथा हात कपाळावर घेऊन घोरत होते. नवरा मान खाली घालून काम करत होता. त्याने मान वर केली नाही. एरवी तो निदान "आलीस" एवढं म्हणायचा.

मागच्या खोलीचं दार सताड उघडं. पडदा बाजूला सारलेला, खिडकीची दोन्ही दारं उघडी, आणि पिंजरा जागेवरून उचलून खिडकीशी स्टुलावर ठेवलेला, जाळीवर ऊन आलेलं. समोर टेबलफॅन, भर वेगात. थर्मामीटरचा काटा सदतिसावर.

थोरली आडवी पडली होती. तोंडाजवळची लव लाळेने भिजून चिकटलेली, कान लालबुंद, भाजल्यासारखे. पोट इतक्या भराभर हलत होतं की श्वास मोजता येत नव्हते. धाकटी कोपऱ्यात, चारी पाय पसरून, तोंड उघडं टाकून.

ती ओरडली नाही. ओरडायला वेळ नव्हता. तिने खिडकी लावली, पडदा ओढला, पंखा बंद करून एसीचं बटण दाबलं आणि दोघींना उचलून न्हाणीघरात नेलं. तिथली फरशी त्यातल्या त्यात गार. फोन खांद्याने कानाशी धरून तिने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं.

"बर्फ लावू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झटक्याने गार केलं तर धक्का बसेल. साधं गार पाणी, कानांना, तळव्यांना, पोटाला. टिपत राहा आणि तशाच घेऊन या. उशीर करू नका."

तिने आपल्या ओढणीचं टोक भिजवलं आणि कान पुसायला लागली. कागदासारखे पातळ कान, आणि चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखे गरम. मागे नवरा येऊन उभा राहिला होता.

"टॅक्सी बोलावू का?" तो म्हणाला.

"अजून बोलावली नाहीत?"

टॅक्सीवाल्याला तिने एसी पूर्ण सोडायला सांगितला. मांडीवर टोपली, टोपलीत ओल्या पंचावर दोघी, शेजारी मोज्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, त्यांना चिकटणार नाही अशी धरलेली. चौथ्या सिग्नलला थोरलीचं पोट हलायचं थांबलं. ती तिचे कान पुसतच राहिली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं आणि थोरलीला हळूच बाजूच्या टेबलावर ठेवलं, मग लगेच धाकटीकडे वळल्या. सलाईन टोचलं, तासभर बघितलं.

"ही कदाचित वाचेल," त्या म्हणाल्या. "पण पुढचे तीन-चार दिवस स्वतःहून खाणार नाही. दाणे दळून, पाण्यात कालवून, सुई नसलेल्या सिरिंजने भरवायला लागेल. दर तीन तासांनी. यांचं आतडं थांबलं की मग हातात काही राहत नाही." मग हात धुताना त्यांनी विचारलं, "पंखा लावला होता का?"

"लावला होता."

"दर उन्हाळ्यात हेच. लोक म्हणतात, पंखा होता की. अहो, घामच नाही तर पंखा वाळवणार काय? गरम हवा अंगावर मारत राहतो फक्त."

घरी परतली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. भाऊजी चहा पीत बसले होते. तिने धाकटीला गार खोलीत ठेवलं, दार लावून घेतलं आणि थोरलीची टोपली आणून पुढच्या खोलीत मधोमध जमिनीवर ठेवली. फडकं काढलं.

"किती वाजता बंद केलंत?"

"काय ते?" भाऊजी म्हणाले, पण त्यांची नजर टोपलीकडे गेली होती. "अकराच्या सुमाराला. अगं, मी त्यांच्या भल्यासाठीच..."

"अकरा ते साडेचार."

"खोलीत नुसता कोंदट वास येत होता. म्हटलं जरा मोकळी हवा मिळू दे. पंखाही लावून दिला. आता म्हातारी झाली असेल, त्याला मी काय करू?"

"सहा वर्षांची होती. पंधरा-पंधरा वर्षं जगतात या."

"हे बघ, उंदरासाठी घरात तमाशा नको. आपण माणसं आहोत. तू सतरा वर्षं भट्टीसमोर उभी राहतेस, तुला एसी आहे का? नाही ना? मेलीस का तू?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही, उलट खाली गेला. लाँड्रीतल्या बायकांना हा आवाज ठाऊक होता. तो ऐकला की त्या आपापली टेबलं गाठायच्या.

"मरायला टेकले होते, भाऊजी. पहिल्या उन्हाळ्यात. तुमच्या कानावर आलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की हिला सकाळी व्यायामाची सवय नाही. मी कोसळले तर कुणीतरी उचललं मला. माझ्या हातापायाला मोकळीक होती, मी दारापर्यंत चालत जाऊ शकत होते. या पिंजऱ्यात होत्या. तुम्ही पिंजरा उचलून उन्हात ठेवलात. त्या कुठे जाणार होत्या?"

"मला कसं कळणार की..."

"मी तीनदा सांगितलं. कागद वाचून दाखवला. तुम्हाला कळलं होतं. तुम्हाला पटलं नव्हतं. बाईमाणसाचं, त्यातून लाँड्रीवालीचं सांगणं, ते काय पटायचंय."

भाऊजींनी काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. ऑपरेशन झालेल्या माणसाशी असं बोलतात का, असं काहीसं ते भावाकडे बघून पुटपुटले.

आणि तेव्हा ती नवऱ्याकडे वळली. खरं तर सगळा वेळ ती तिकडेच निघाली होती.

"तुम्ही कुठे होतात?"

"इथेच."

"दिसलं?"

"दादा म्हणाला, थोडा वेळच..."

"मी विचारलं, दिसलं का?"

पेचकस त्याच्या बोटांत गोल गोल फिरत होता. "दिसलं."

"अकरा वाजता दिसलं. बारा वाजता पुढची खोली तापली असेल, पंखा लावलात ना स्वतःला? दोन वाजता पाणी प्यायला उठला असाल. आईंच्या खोलीवरूनच जावं लागतं माठाकडे. आत बघितलंत?"

पेचकस फिरायचा थांबला.

"बघितलंत," ती म्हणाली. "आणि दादाला उठवून सांगायची हिंमत झाली नाही. बटण दाबायला एक बोट लागतं हो. पंचावन्न वर्षं मूग गिळून बसलात तुम्ही. आजपर्यंत त्याची किंमत मी भरली, म्हणून चालून गेलं."

त्या संध्याकाळी तिने कुणाला जेवायला वाढलं नाही. इमारतीच्या मागे कुंपणाशी खड्डा नवऱ्याने खणला. "तुम्हीच खणा," ती म्हणाली होती आणि शेजारी उभी राहून बघत होती. जमीन दगडासारखी होती, त्याला बराच वेळ लागला. तिने हात लावला नाही.

भाऊजी शनिवारी गेले. डोळ्याची तपासणी गावाकडेच करीन म्हणाले. जाताना दारात त्यांनी तिला "येतो" म्हटलं. ती धाकटीला भरवत होती. एका हातात पंचात गुंडाळलेला जीव, दुसऱ्या हातात सिरिंज. एक थेंब आत गेला तर दोन बाहेर. ती उठली नाही.

नवऱ्याशी तिचं बोलणं बंद झालं. बंद म्हणजे कामापुरतंही नाही. रविवारी पोरीचा फोन आला तो त्यानेच घेतला, आणि न्हाणीघरात धुणं पिळता पिळता तिच्या कानावर शब्द पडले, "थोरली गेली गं. वयाने. झोपेतच गेली."

पिळलेलं धुणं तसंच बादलीत टाकून ती बाहेर आली. फोन ठेवेपर्यंत थांबली.

"वयाने?"

"तिला उगाच त्रास कशाला. एवढ्या लांब आहे, रडत बसेल."

"तिला त्रास नको म्हणून, की दादाचं नाव यायला नको म्हणून? की तुमचं?"

"आता गेलेली परत येणार आहे का?"

"उद्या तुम्ही तिला फोन करायचा आणि खरं सांगायचं. दादाने काय केलं ते, आणि तुम्ही काय केलं नाही ते. मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ते माझं गाऱ्हाणं होईल."

गुरुवारपासूनची रजा संपली आणि सोमवारी ती कामावर गेली ती त्याच तावात. डोळ्यांत झोप नव्हती, तीन-तीन तासांच्या भरवण्याने पाठ मोडली होती. निघताना तिने पिंजऱ्यावरचं थर्मामीटर काढून पिशवीत टाकलं. खोलीत नवं बसवलं होतं, ते जुनं तिला आता त्या घरात बघवत नव्हतं. का घेतलं, तिला नीट सांगता आलं नसतं.

एक्झॉस्ट अजून बंदच. रोलरवर तिची जोडीदारीण गुणगुणी होती. सारखं काहीतरी गुणगुणायची म्हणून ते नाव. साडेअकराला गुणगुणणं थांबलं. कडकने वळून बघितलं. गुणगुणीचा चेहरा लालभडक, आणि कोरडा. कपाळावर, ओठावर, कुठेच घाम नाही. चादरीचं टोक तिच्या हातातून दोनदा निसटलं.

कडकने भिंतीवरचं लाल बटण दाबलं. रोलर धापा टाकत थांबला. पलीकडे कपडे पिळणारी मशीनंही तिने जाऊन बंद केली. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की बायका घाबरून इकडेतिकडे बघायला लागल्या. तिने गुणगुणीला धरून गोदामाच्या दारात बसवलं, तिचे पाय ओल्या उशीच्या अभ्र्यांत गुंडाळले, मानेला पाणी लावलं.

सुपरवायझर धावत आला. "मशीन कुणी थांबवलं?"

"मी."

"बाई, दोन हॉटेलांचा माल तीनला जायचाय. तिला बसू द्या पाच मिनिटं, तुम्ही चालू करा."

तिने पिशवीतून थर्मामीटर काढून रोलरच्या कठड्यावर ठेवलं. काटा चढत चढत सेहेचाळिसावर जाऊन थांबला. ती लाल रेघ चोविसावरच होती. सुपरवायझरने ती बघितली.

"ही कसली रेघ?"

"घरातल्या जनावराची. आपल्यासाठी रेघ कुणी मारलेली नाही."

"पंखे आहेत ना चार. परवाच तर दोन जास्तीचे लावले."

"पंखा," ती म्हणाली, आणि मग तिला थांबवता आलं नाही. भाऊजींना बोलायचं राहिलं होतं ते, नवऱ्याला बोलायचं राहिलं होतं ते, सगळं त्या सुपरवायझरच्या अंगावर कोसळलं. गरम हवा अंगावर मारत राहणं म्हणजे वारा नव्हे. घाम थांबलेल्या माणसाला पंखा काही करत नाही. सोळा दिवस झाले एक्झॉस्ट बंद पडून, सोळा दिवस रोज तोंडाने सांगितलं, आणि सोळा दिवस तुम्ही मान हलवलीत. कळलं नाही असं म्हणू नका, तुम्ही काचेच्या केबिनमध्ये दार लावून बसता, तुम्हाला चांगलं कळतं. "आता लिहून घ्या," ती म्हणाली, "मी मशीन चालू करणार नाही. कुणाला करायचं असेल त्याने इकडे येऊन आधी हे बघावं."

कुणी आलं नाही. अठरा बायका होत्या, अठराच्या अठरा जणी गोदामाच्या दारात सावलीला जाऊन बसल्या. घडी घालणाऱ्यांपैकी सगळ्यात भित्री होती ती शेवटी येऊन बसली, पण बसली. तीनचा माल गेला नाही.

मालक स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी आला. चार दिवसांत एक्झॉस्ट फिरायला लागला, आणि अकरा ते तीन दर तासाला दहा मिनिटांची सुट्टी ठरली. गुणगुणी दोन दिवस सलाईनवर राहून परत आली. कडकला एक पत्र मिळालं: परवानगीशिवाय यंत्रे बंद केल्याबद्दल ताकीद, आणि महिनाभर रोलरवरून काढून मळक्या चादरी निवडण्याच्या कामावर. हॉटेलांच्या मळक्या चादरींत काय काय निघतं ते सांगण्यासारखं नाही. तिने पत्र घडी घालून पिशवीत टाकलं आणि रबरी हातमोजे चढवले. राग तिला त्या पत्राचा आला नाही. राग आला तो एका वाक्याचा. मालक बायकांसमोर म्हणाला होता, "अहो, आधी सांगायचं ना."

सोमवारीच ती घरी आली तेव्हा नवरा दाराशी उभा होता.

"सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलं?"

"सगळं. मी दोनदा आत बघितलं, तेही." त्याचा चेहरा उतरला होता. "तिने फोन ठेवून दिला."

पोरीचा फोन नंतर आईला आला. ती रडत होती, आणि रडता रडता भांडत होती. काकांवर चिडली, बाबांवर चिडली, आणि मग आईवर. "तू मला बुधवारीच का नाही सांगितलंस? चार दिवस मी इथे हसत-खेळत होते, मग वयाने गेली म्हणून रडले. आणि काका घरात आहेत हे माहीत असताना तू दोघींना त्यांच्या भरवशावर सोडून गेलीस?"

"मी बाबांच्या भरवशावर सोडून गेले होते," ती म्हणाली. पण ते बोलणं पोरीच्या जिव्हारी लागायच्या आधी तिच्याच लागलं. बाबा कसे आहेत हे तिला तीस वर्षं माहीत होतं. खोलीला कुलूप घालता आलं असतं. आठ दिवस, साधं कुलूप. तिच्या मनात आलंही होतं, आणि भाऊजींना काय वाटेल म्हणून तिने ते घातलं नव्हतं. हे तिने पोरीला सांगितलं. आडपडदा न ठेवता.

"धाकटी खातेय का?" शेवटी पोरीने विचारलं.

"आज एक दाणा स्वतः उचलला."

दोन-तीन दिवसांत धाकटी गवत ओढायला लागली. एकटी पडल्यामुळे असेल, ती पिंजऱ्याच्या कडेला येऊन बसायची आणि माणूस दिसलं की दात वाजवायची. नवऱ्याने आपलं कामाचं टेबल उचलून आईच्या खोलीत नेलं. कुणी सांगितलं नव्हतं. तेलाचा वास लागू नये म्हणून तेल घालायचं काम तो बाहेर करायचा, बाकी जुळणी आत. दुपारी बाराला आणि दोनला तो लाँड्रीत फोन करायचा.

"एकवीस," तो म्हणायचा.

"बरं," ती म्हणायची, आणि फोन ठेवायची.

महिन्याभराने भाऊजींचा फोन आला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. ती घड्या घालत होती. नवरा "हो दादा, हो दादा" म्हणत होता आणि तिचे हात दर "हो दादा"ला जरा जोरात चालत होते. मग त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ये ना, दादा," तो म्हणाला. "पण आईच्या खोलीला कुलूप असेल. किल्ली माझ्याकडे." पलीकडून काहीतरी मोठ्याने बोललं गेलं. "नाही, ती नाही म्हणत. तिला ठाऊकही नाही. मी म्हणतोय."

फोन ठेवल्यावर त्याने तिच्याकडे बघितलं. तिने हातातला टॉवेल गठ्ठ्यावर ठेवला आणि पुढचा उचलला.

भाऊजी आलेच नाहीत. बहिणीकडे उतरले. आठवड्याभरात सगळ्या नातेवाइकांत झालं, की एका उंदरापायी हिने थोरल्या दिराला घराबाहेर काढलं. नणंदेने फोन करून विचारलं, "खरं का गं हे?"

"नाही हो, वन्सं," ती म्हणाली. "मी काढलं नाही. काढायला हवं होतं, बुधवारीच. ते राहून गेलं."

उन्हाळा अजून सरायचा होता. बाहेर चाळीस, एकेचाळीस. ती रोज सकाळी साडेसहाला डबा पिशवीत टाकून चपला घालते, आणि निघताना नवरा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहतो.

"माझं लक्ष आहे," तो म्हणतो.

"तेव्हाही होतं," ती म्हणते, आणि जिना उतरायला लागते.